मॅप आणि सेटमधे एकदम ढीगभर नोंदी टाकायच्या कशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावला असतो. दिवसा केळी आणि कापसाच्या व्यापाऱ्यांची हिशोबाची सॉफ्टवेअरं करतो, संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना सी प्लस प्लस शिकवतो. शिरपूर, फैजपूर, धुळे, चाळीसगाव, कुठून पण पोरगं आलं तरी मॅपमधे, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या यादीत, एक नोंद टाकायला त्याला बरोबर येते, पण पन्नास हजार नोंदी एकदम टाकायच्या म्हटलं की तोच एक फॉर लूप लिहून मोकळं होतं. बऱ्याच वेळा ते चालूनही जातं. जिथे चालत नाही तिथे एकतर प्रोग्रॅम रेंगाळतो नाहीतर हिशोब चुकतो, आणि हिशोब चुकणं जास्त वाईट, कारण त्याला एरर येत नाही. क्लासमधे आणि मेसेजवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कोड शब्दातच सांगितलाय, टाइप तुम्ही करायचा.

सॉर्टेड असोसिएटिव्ह कंटेनर म्हणजे नेमके कोणते?

सी प्लस प्लसमधे चार: सेट, मल्टिसेट, मॅप, मल्टिमॅप. सेटमधे नुसत्या किल्ल्या असतात, आणि मल्टिवाल्या दोघांत तीच किल्ली अनेकदा चालते. १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांपासून आहेत. चौघं आतला माल किल्लीच्या क्रमाने लावून ठेवतात. स्टँडर्ड असं कुठे म्हणत नाही की आत रेड-ब्लॅक ट्रीच (स्वतःचा तोल सांभाळणारं फांद्याफांद्यांचं झाड) पाहिजे, पण नावाजलेल्या सगळ्या लायब्ऱ्यांमधे तोच असतो. अनऑर्डर्ड मॅप वेगळा, तो हॅशवाला, त्याच्यात क्रम नसतो. तुम्हाला क्रमाने फिरायचंच नसेल, "या नंबरपासून त्या नंबरपर्यंत" असं काही विचारायचं नसेल, तर तोच वापरा आणि खालचं निम्मं वाचू नका.

फॉर लूपमधे एकेक टाकलं काय आणि रेंज इन्सर्ट केलं काय, फरक काय पडतो?

किती नोंदी हे आधी बघू. मॅपमधे १० लाख नोंदी असतील तर नवी नोंद कुठे बसवायची हे शोधायला साधारण २० तुलना लागतात, फारच वाईट झालं तर ४० च्या आसपास, त्याच्या वर नाही, कारण रेड-ब्लॅक ट्री एका बाजूला फार झुकत नाही. तर कागदावर बघितलं तर दोन्ही सारखेच, नोंदी गुणिले लॉग, म्हणजे टाकायच्या नोंदी गुणिले मॅपच्या आकाराचा लॉग (१० लाखाचा साधारण २०).

पण रेंज इन्सर्ट, म्हणजे सुरुवात आणि शेवट असे दोन इटरेटर (कंटेनरमधल्या जागेकडे बोट दाखवणारे) देऊन जे इन्सर्ट करतो ते, आतून थोडं शहाणं असतं. जीसीसी कंपायलरसोबत येणारी लायब्ररी आणि क्लँग कंपायलरची लायब्ररी, दोन्ही प्रत्येक नोंदीला "आधी शेवटी बसते का बघ" असा इशारा देऊन टाकतात. म्हणजे तुमचा माल चढत्या क्रमाने असेल आणि मॅपमधल्या सगळ्यात मोठ्या किल्लीच्या पुढचाच असेल तर वरपासून खालपर्यंत शोधायची गरजच पडत नाही, सरळ शेपटीला जोडत जातात. काटापावत्या असंच असतं ना, कालची शेवटची पावती ४८१२ तर आज सकाळची पहिली ४८१३. असा माल रेंज इन्सर्टला एकदम द्या, लूप लिहू नका, फायदा फुकट मिळतो आणि कोड पण एका ओळीचा.

माझा माल आधीच सॉर्ट केलेला आहे. मग तर एकदम लिनिअर, म्हणजे नोंदींच्या प्रमाणातच वेळ, असं व्हायला पाहिजे ना?

मॅप रिकामा असेल आणि तुम्ही कन्स्ट्रक्टरलाच, म्हणजे मॅप बनवतानाच, रेंज देत असाल तर हो, स्टँडर्डच तसं वचन देतं: सॉर्ट केलेली रेंज असेल तर मॅप लिनिअर वेळेत उभा राहतो. आधीपासून भरलेल्या मॅपमधे टाकताना मात्र नाही. गंमत म्हणजे १९९८ च्या स्टँडर्डमधे तिथे पण लिनिअरचं वचन होतं, मग लोकांच्या लक्षात आलं की हे पाळता येण्यासारखंच नाही. समजा मॅपमधे १० लाख नोंदी आहेत आणि तुम्ही सॉर्ट केलेल्या ५ नोंदी देताय ज्या मधे मधे कुठेतरी विखरून बसणार, तर त्या ५ पायऱ्यांत कशा बसतील, जागा तर शोधावीच लागेल. म्हणून २०११ च्या स्टँडर्डमधे ते वचन काढून नोंदी गुणिले लॉग असं केलं. जुनी पुस्तकं आणि जुन्या नोट्समधे अजून लिनिअर लिहिलेलं सापडतं, आणि तोंडी परीक्षेत पोरं तेच सांगून येतात.

माल सॉर्ट नसेल आणि मॅप नव्यानेच उभा करायचा असेल तर माझी सवय अशी, आधी सगळं व्हेक्टरमधे घ्यायचं, तिथे सॉर्ट करायचं, मग त्यातून मॅप बनवायचा. सॉर्टिंगचा खर्च तोच लॉगवाला, पण व्हेक्टर मेमरीत सलग असतो त्याच्यामुळे प्रोसेसरची कॅश मेमरी कामाला येते, आणि ट्रीचे नोड (एकेका नोंदीचे डबे) असतात सगळीकडे पसरलेले.

हिंट द्यायची असते म्हणतात, ती कशी द्यायची?

इन्सर्टला किंवा एम्प्लेस हिंटला पहिलाच इटरेटर द्यायचा, की बाबा ही नोंद याच्या अगदी आधी बसेल असं मला वाटतं. अंदाज बरोबर निघाला तर काम सरासरी स्थिर वेळेत होतं. चुकला तर नोंद काही चुकीच्या जागी बसत नाही, फक्त नेहमीसारखं वरून शोधावं लागतं. घाबरायचं काही नाही त्याच्यात.

चढता माल शेवटी जोडायचा तर हिंट एंड. उतरता माल सुरुवातीला जोडायचा तर हिंट बिगिन. आणि चढता माल मधेच कुठेतरी एका पट्ट्यात बसणार असेल तर आधीच्या इन्सर्टने जो इटरेटर परत दिला त्याच्या पुढचा इटरेटर पुढच्या नोंदीला हिंट म्हणून द्यायचा. इथे घोळ असा होतो की १९९८ च्या स्टँडर्डमधे "हिंटच्या लगेच नंतर" असं होतं आणि २०११ पासून "हिंटच्या लगेच आधी" झालं. जीसीसीची लायब्ररी हिंटच्या दोन्ही बाजू बघते म्हणून बऱ्याच जणांना फरक कळतच नाही, पण वचन फक्त आधीचंच आहे.

हिंटवालं इन्सर्ट फक्त इटरेटर परत देतं, नोंद नवीन गेली की आधीचीच होती ते सांगत नाही. ते पाहिजे असेल तर साधं इन्सर्ट, ते जोडी देतं, इटरेटर आणि खरं-खोटं.

बॅक इन्सर्टर लावला तर ढीगभर एरर येतात, का?

कारण बॅक इन्सर्टर पुश बॅक बोलावतो आणि मॅप-सेटला पुश बॅक नाहीच. क्रम कंटेनर ठरवतो, "शेवटी ठेव" असं तुम्ही त्याला सांगू शकत नाही. नुसता इन्सर्टर वापरा, त्याला कंटेनर आणि एक इटरेटर द्या. तो प्रत्येक नोंद टाकल्यावर स्वतःचा इटरेटर एक पाऊल पुढे सरकवतो, म्हणजे वरती सांगितलेली हिंट तो आपोआपच धरून चालतो. दोन सेटची बेरीज किंवा फरक काढून तिसऱ्या सेटमधे टाकायचं असेल तर एकदम चपखल बसतं.

मी नवीन यादी टाकली पण मॅपमधे जुन्याच किमती दिसतात. बग आहे का?

बग नाही. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांब सांगतो.

माझ्याच हातून झालेलं आहे. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याला सॉफ्टवेअर करून दिलेलं, त्यात प्रतीप्रमाणे भाव एका मॅपमधे, किल्ली म्हणजे प्रत आणि किंमत म्हणजे त्या दिवसाचा क्विंटलचा भाव. रोज सकाळी बऱ्हाणपूरचा भाव बघून नवी यादी यायची आणि मी ती रेंज इन्सर्टने टाकायचो. पहिल्या दिवशी सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी भाव वाढले, यादी आली, टाकली, एरर काही नाही, आणि दिवसभर सगळ्या पट्ट्या कालच्या भावाने निघाल्या. संध्याकाळी एका शेतकरी भाऊंनी पट्टी हातात धरून विचारलं की फळ्यावर तर वेगळा भाव लिहिलाय. त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या परत काढून फरक देऊन टाकला, पण ज्याने वर्षभर बाग जपली त्याच्या हातात आपल्या प्रोग्रॅममुळे कमी पैसे गेले ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

कारण साधं होतं. इन्सर्ट म्हणजे "नसेल तर टाक". किल्ली आधीच असेल तर तो जुन्याला हात लावत नाही, गुपचूप पुढे जातो. एकेक टाकताना निदान खरं-खोटं परत येतं, रेंज इन्सर्ट तर काहीच परत देत नाही. आणि एकाच रेंजमधे तीच किल्ली दोनदा असेल तर प्रत्यक्षात पहिली राहते, पण त्या भरवशावर हिशोब उभा करू नका, आधीच दुहेरी नोंदी काढून टाका.

नवीन जिंकायला पाहिजे असेल तर मार्ग दोन. एक, लूप लावून प्रत्येकाला इन्सर्ट ऑर असाइन, हे २०१७ च्या स्टँडर्डपासून आहे. चौकटी कंसाने पण होतं, पण तो आधी रिकामी किंमत तयार करतो आणि मग वर लिहितो, म्हणजे किमतीच्या टाइपला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर पाहिजे. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: नव्या यादीचाच एक वेगळा मॅप बनवा आणि जुना मॅप त्याच्यात मर्ज करा. नव्यात जे आहे ते तसंच राहतं, जुन्यातलं फक्त जे नव्यात नव्हतं तेवढंच येतं. मग दोघांची अदलाबदल करून टाका.

जुनंच जिंकायला पाहिजे, म्हणजे पहिली नोंद हीच खरी, असं पण असतं. सभासद नोंदणी घ्या, तिथे इन्सर्ट बरोबर आहे, आणि किंमत मोठी असेल तर ट्राय एम्प्लेस त्याच्यापेक्षा बरा, किल्ली आधीच असेल तर तो किंमत तयारच करत नाही. कोण जिंकणार हे प्रोग्रॅमरने परस्पर ठरवायचं नाही, ज्याचं काम आहे त्याला विचारायचं.

किती नोंदी खरोखर गेल्या ते कसं कळणार?

टाकायच्या आधीची साइज आणि नंतरची साइज, वजाबाकी करा. मी प्रत्येक वेळी ही वजाबाकी लॉग फाइलमधे लिहितो. पाठवल्या ३०० आणि गेल्या शून्य असं त्या दिवशी दिसलं असतं तर दहा मिनिटात कळलं असतं.

मर्ज आणि इन्सर्टमधे काय फरक?

इन्सर्ट नोंदीची कॉपी करतो. मर्ज, जो २०१७ पासून आहे, तो नोडच्या नोड उचलून इकडून तिकडे जोडतो. कॉपी नाही, मूव्ह नाही, नवीन मेमरी पण मागत नाही. जुने पॉइंटर आणि रेफरन्स चालू राहतात, फक्त आता ते नव्या कंटेनरच्या घरात. ज्या किल्ल्या आधीच होत्या त्या मूळ मॅपमधेच मागे राहतात, आणि हे लई कामाचं आहे, कारण मर्ज झाल्यावर मागे जे उरलं तीच तुमची दुहेरी नोंदींची यादी. वेगळं शोधायला नको.

एक्स्ट्रॅक्ट त्याचाच भाऊ. एक नोड बाहेर काढा, किल्ली बदला, परत टाका. पावती नंबर चुकीचा पडला तर नोंद पुसून नव्याने लिहायची गरज नाही.

मल्टिमॅपमधे सारख्या किल्ल्या कोणत्या क्रमाने राहतात?

२०११ पासून हे पक्कं आहे की सारखी किल्ली आली तर नवीन नोंद त्या किल्लीच्या आधीच्या सगळ्यांच्या मागे लागते. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या लागतात तसं, एकाच भावाच्या गाड्या असतील तर जी आधी आली ती पुढे. फक्त हिंट देताना जपा, मल्टिमॅपला हिंट दिली की तो हिंटच्या शक्य तितक्या जवळ बसवतो आणि हा आल्याचा क्रम मोडू शकतो.

टाकता टाकता मधेच मेमरी संपली किंवा एक्सेप्शन (काम मधेच थांबवणारी चूक) आलं तर?

एक नोंद टाकताना एक्सेप्शन आलं तर मॅप होता तसाच राहतो. रेंज टाकताना आलं तर मॅप मोडत नाही पण अर्ध्या नोंदी गेलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्या असतात, आणि कोणत्या अर्ध्या ते तुम्हाला माहीत नसतं. पैशाच्या कामात हे चालत नाही. म्हणून नव्या मालाचा वेगळा मॅप बाजूला उभा करा, जे फुटायचं ते तिथेच फुटू द्या, तो पूर्ण झाला की मर्ज. मर्जला मेमरी लागत नाही, त्यामुळे तुमचं तुलना करणारं फंक्शनच एक्सेप्शन फेकत नसेल तर तो मधे अडकत नाही.

फ्लॅट मॅप काय भानगड आहे? तो वापरू का?

२०२३ च्या स्टँडर्डमधे फ्लॅट मॅप आणि फ्लॅट सेट आले, बूस्ट लायब्ररीत त्याच्या बऱ्याच आधीपासून होते. यात ट्री नाही, सॉर्ट केलेला सलग व्हेक्टर असतो. ६४ बिटच्या मशीनवर जीसीसीच्या साध्या मॅपमधे प्रत्येक नोंदीमागे ३२ बाइट नुसते रंग आणि तीन पॉइंटर सांभाळायला जातात, फ्लॅटमधे ते वाचतात आणि शोधणं पण झपाट्याने होतं.

पण टाकताना! एक नोंद मधे बसवायची म्हणजे तिच्या पुढच्या सगळ्यांना एकेक जागा सरकवणं. एसटीत मागच्या बाकापर्यंत माणसं दाटून बसलीत आणि पुढच्या बाकावर एकाला जागा करायची, असं ते. हिशोब करून बघा, आत १ लाख नोंदी आहेत आणि नवीन १००० तुम्ही लूपने एकेक टाकताय. सरासरी प्रत्येक वेळी ५० हजार सरकणार, म्हणजे सगळ्या मिळून ५ कोटी सरकवासरकवी. त्याच १००० एकदम रेंजने दिल्या तर तो त्या शेवटी ठेवतो, फक्त त्या हजारांना सॉर्ट करतो, त्याला साधारण १० हजार तुलना, आणि मग दोन्ही सॉर्ट केलेले भाग एका फेरीत मिसळतो, १ लाख १ हजाराची एक फेरी. ५ कोटी कुठे आणि ही एक फेरी कुठे. साध्या मॅपमधे लूप की रेंज हा फरक थोडा असतो, फ्लॅट मॅपमधे तो जमीन अस्मानाचा आहे.

माल आधीच सॉर्ट आणि दुहेरी नसलेला असेल तर सॉर्टेड युनिक नावाचा टॅग देता येतो, मग तो सॉर्टिंग पण वगळतो. पण हा टॅग म्हणजे तुमचा शब्द आहे. खोटा निघाला तर अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल त्याची हमी नाही, पुढे शोधायला गेलात तर असलेली नोंद नाही म्हणून सांगेल. बाहेरून आलेल्या फाइलवर, एक्सेलमधून आलेल्या यादीवर, हा टॅग कधीच लावू नका. आणि फ्लॅटमधे इन्सर्ट केल्यावर आधी धरून ठेवलेले इटरेटर बाद समजा, साध्या मॅपमधे ते टिकतात.

सीझनला एकदा भरायचा आणि दिवसभर वाचायचा असा डेटा असेल, गावांची यादी, वाणांची यादी, तर फ्लॅट उत्तम. दिवसभर एकेक पावती येत राहणार असेल तर साधा मॅप.

गावांची नावं मराठीत टाकली तर क्रम विचित्र येतो. का?

कारण स्ट्रिंगची तुलना बाइटने होते, वर्णमालेने नाही. युनिकोडमधे ळ हा ल च्या लगेच मागे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या पण नंतर. आता शिरपूर तालुक्यातलं पळासनेर आणि जामनेर तालुक्यातलं पहूर घ्या. मॅप पळासनेर आधी दाखवणार, मराठी वर्णमालेप्रमाणे पहूर आधी यायला पाहिजे. धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, आपल्याकडे तर ळ गावागावात आहे. क्ष आणि ज्ञ चं पण तसंच, त्यांना युनिकोडमधे स्वतंत्र जागा नाही, ते क आणि ज च्या घरात जाऊन बसतात.

उपाय म्हणजे मॅपला स्वतःचं तुलना फंक्शन द्यायचं जे मराठी क्रम जाणतं, आयसीयू लायब्ररीत भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय आहे. ही तुलना बाइटपेक्षा महाग असते, म्हणून ढीगभर नावं टाकायची असतील तर प्रत्येक नावाची सॉर्ट की, म्हणजे भाषेच्या क्रमाप्रमाणे लागेल अशी बाइटची ओळ, एकदाच बनवा आणि तीच मॅपची किल्ली करा. आपल्या लोकांची नावं आपल्या क्रमाने लागली पाहिजेत. आमच्याकडच्या एका बाईंनी पहिल्यांदा यादी बरोबर लागलेली बघितली तेव्हा लगेच म्हणाल्या, आते सापडनं.

तुलना फंक्शनमधे लहान किंवा समान असं लिहिलं तर चालेल का?

नाही. नक्की लहान हेच पाहिजे. समान पण घातलं तर कंटेनरला दोन किल्ल्या सारख्या आहेत हे कळायचा मार्गच बंद होतो, सेटमधे एकच किल्ली दोनदा शिरते आणि तीच शोधायला गेलं तर सापडत नाही. फ्लोट (अपूर्णांकी आकडा) किल्ली असेल आणि नॅन, म्हणजे आकडाच नाही अशी किंमत, आत गेला तरी अशीच वाट लागते.

मॅपची स्वतःचीच रेंज त्याच्यातच इन्सर्ट केली तर?

मनाई आहे, स्टँडर्डमधे स्पष्ट. आधी कॉपी काढा.

जावा आणि पायथनमधे पण हेच का?

जावाचा ट्रीमॅप पण रेड-ब्लॅक ट्री. पुट ऑलला तुम्ही दुसरा सॉर्टेड मॅप दिला, आपला रिकामा असला आणि दोघांचा कंपॅरेटर (तुलना फंक्शन) एकच असला तर तो लिनिअर वेळेत उभा करतो, नाहीतर एकेक पुट. पण लक्षात ठेवा, जावाचा पुट जुन्या किमतीवर नवीन लिहितो, सी प्लस प्लसच्या इन्सर्टच्या बरोबर उलटं. दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा.

पायथनच्या डिक्टचा क्रम ३.७ पासून पक्का आहे पण तो टाकल्याचा क्रम, सॉर्ट केलेला नाही. बायसेक्टचं इनसॉर्ट जागा पटकन शोधतं, पण लिस्टमधे सरकवासरकवी होतेच, ती वर फ्लॅटमधे सांगितलेलीच गोष्ट. खूप नोंदी असतील तर लिस्टला जोडून शेवटी एकदा सॉर्ट करा, पायथनचं सॉर्ट आधीच लागलेले तुकडे ओळखतं.

वेग मोजायचा तर कसा मोजू?

ऑप्टिमायझेशन चालू करून, स्वतःच्या खऱ्या मालावर. डीबग बिल्डमधला आकडा मला पाठवू नका, त्याच्यावरून काही सांगता येत नाही. एक ते लाख अशा सरळ आकड्यांवर पण मोजू नका, तो चढता माल आहे, तिथे हिंट नेहमीच बरोबर बसते आणि सगळं गोड दिसतं. तीच यादी एकदा चढती, एकदा उतरती आणि एकदा पूर्ण मिसळून द्या, आणि मॅप एकदा रिकामा आणि एकदा भरलेला ठेवून बघा. प्रश्न विचारताना हे सगळे आकडे आणि नोंदी कुठून येतात तेवढं सोबत लिहा, मग पटकन सांगता येईल.